चिठ्ठी लावलेलं पान

मी संशयी आहे असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, कारण जेवायला माझ्याकडेच यायचं असतं. पण मी संशयी नाही, मी लक्ष देते. खानावळ चालवणाऱ्या बाईने लक्ष दिलं नाही तर दूध उतू जातं आणि गिऱ्हाईक निसटतं. माणूस ताटात काय टाकतो, कशाला हात लावत नाही, दुसऱ्यांदा मागताना कोणाकडे बघतो, एवढं पाहिलं की त्याच्या घरातलं निम्मं मला कळतं. उरलेलं निम्मं तो हात धुता धुता आपणच सांगतो.

तर असं लक्ष देता देता माझ्या ध्यानात आलं की धाकटी माझ्याशी खोटं बोलते आहे.

धाकटी म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची पाठची बहीण. घरात सगळे तिला धाकटी म्हणायचे. ते सगळे एकेक करून गेले, नाव तेवढं राहिलं. तिने लग्न केलं नाही. नवरा गेल्यापासून खानावळ आम्ही दोघीच चालवतो, मी शेगडीपाशी आणि ती बाहेर टेबलांपाशी. वरच्या दोन खोल्यांत राहतो. भांडतो, अबोला धरतो, आणि गिऱ्हाइकं गेली की एकाच टेबलावर समोरासमोर बसून जेवतो. माझं म्हणावं असं या जगात तेवढंच एक माणूस आहे. ती निघून गेली तर काय, हा विचार आला की मी घासलेली भांडी पुन्हा घासायला काढते.

खोटं ते असं. एका दुपारी ती म्हणाली, "वहिनी, दाढ दुखतेय, डॉक्टरीणबाईंना दाखवून येते." गेली ती दिवे लागल्यावर आली. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई नेहमीसारख्या जेवायला आल्या. मी भाजी वाढता वाढता सहज विचारलं, "धाकटीच्या दाढेचं काय म्हणणं आहे?"

"कुठल्या दाढेचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी भाजी वाढून पुढच्या टेबलाकडे गेले. पण कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला तेवढं पुरे होतं. मग बाकीचंही दिसायला लागलं. रोज दुपारी ती शेजारच्या ग्रंथालयात जायची. विचारलं तर म्हणायची, पुस्तकांना कव्हरं घालते. आमच्या ग्रंथालयात जेवढी पुस्तकं आहेत तेवढ्यांना कव्हरं घालायला एक पावसाळी आठवडा पुरे. हिची वर्षानुवर्षं चालली होती. बोटांना शाई असायची. कव्हर घालायला डिंक लागतो, शाई कशाला? खोलीतल्या कपाटाचा खण कुलूपबंद. मी समोर गेले की ग्रंथपाल आणि ती बोलायचे थांबायचे. ताकास तूर लागू देत नव्हती.

हे ग्रंथपाल म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून बसलेले गृहस्थ. चष्म्याची काडी चावत बोलतात. त्यांना फक्त लहान गावांच्या कादंबऱ्या आवडतात. "मोठ्या शहरातल्या कादंबरीत माणूस हरवतो," ते म्हणतात, "लहान गावातल्या कादंबरीत तो सापडतो, आणि मग त्याला पळायला जागा नसते." महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्यांची मंडळी माझ्या खानावळीत जमतात. सगळ्यांनी एकच कादंबरी वाचलेली असते. ग्रंथपाल तिच्यातलं खाण्याचं एक पान मोठ्याने वाचतात आणि त्या पानावरची माणसं जे खातात, तेच मी शिजवून पुढ्यात ठेवायचं.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं, पोट भरलेल्यांची ही थेरं. पण टेबलं भरली, आणि भरलेल्या टेबलाशी मी वाद घालत नाही. एका कादंबरीत स्टेशनमास्तरची बायको रागावली की मासे करपवायची. मी मासे नीट तळले, राग कादंबरीतच राहू दिला. दुसऱ्या एकीत कोणी पेन्शनर पानोपानी उकडलेली अंडी खात होता. त्या शनिवारी चर्चा लवकर आटोपली आणि सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या.

कादंबरी मी वाचत नाही. ग्रंथपाल खाण्याच्या पानांना कागदाच्या चिठ्ठ्या लावून पुस्तक पाठवतात, मी तेवढीच पानं वाचते. माझं मत असं, की माणसं काय खातात आणि कोण कोणाला काय वाढतं, एवढंच कादंबरीत खरं असतं. बाकीचं म्हणजे लेखकाने घातलेलं पाणी. रस्सा कमी पडला की मीही घालते.

या खेपेची कादंबरी नवी होती. लेखकाचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं, मागे फोटोही नव्हता. ज्याला आपलं तोंड दाखवायची लाज वाटते, त्याच्या हातचं मी खात नाही. पण चिठ्ठीचं पान उघडलं. लहान गाव, त्यात खानावळ, ती चालवणारी एक वहिनी. म्हटलं, असतील, गावोगावी वहिन्या असतात. ती लाल भोपळ्याचं सूप करत होती. मीही करते. पुढे वाचलं, "सूप उतरवायच्या आधी ती लसणाची एक पाकळी सळईला टोचून विस्तवावर काळी ठिक्कर जाळायची, सुपातून एकदा फिरवायची आणि काढून टाकायची. खाणाऱ्याला चव लागायची, कारण सापडायचं नाही."

माझ्या हातातला डाव खाली पडला.

हा जळका लसूण माझा आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षी एक पाकळी चुकून जळून सुपात पडली, मी ती घाईने काढून टाकली आणि त्या दिवशी नवऱ्याने भांडं चाटलं. तेव्हापासून दार लोटून करते. ही गोष्ट जगात तीन माणसांना ठाऊक. त्यातला एक फोटोत गेला. एक मी. तिसरी बाहेर टेबलं पुसत गुणगुणत होती.

दुसऱ्या चिठ्ठीवर ती पुस्तकातली वहिनी लोकांच्या ताटांत डोकावून माणसं ओळखत होती. आता शंका घ्यायला जागाच राहिली नाही. पण तळपायाची आग मस्तकात गेली ती तिसऱ्या चिठ्ठीवर. पानाच्या तळाशी लिहिलं होतं, "सगळे जेवून गेले की दोघी बसायच्या. वहिनी पातेलं पुढ्यात ओढायची. वरचा मऊ, पांढरा भात स्वतःच्या ताटात, तळाची खरवड नणंदेच्या. वर्षानुवर्षं हेच. आज तरी मऊ भात हवा का, असं तिने नणंदेला एकदाही विचारलं नाही."

मी ते पान तीनदा वाचलं. अगं, खरवड तिला आवडते म्हणून देते ना मी! पातेल्याच्या तळाची ती तांबूस, कडक पापडी मी उलथन्याने अलगद सोडवते, मोडू देत नाही. गिऱ्हाइकाने मागितली तरी देत नाही. कोणावर मी इतकी माया केली असेल तर ती धाकटीच्या खरवडीवर. आणि पुस्तकात काय, तर वहिनी चांगलं आपण खाते आणि नणंदेला तळाचं वाढते! घरचं माणूस हे बाहेर जाऊन सांगतं आणि कोणी तोंडचुकवा ते छापतो!

तो तोंडचुकवा कोण, हे मला दिसतच होतं. चष्म्याची काडी चावणारा. दुपारी ती बोलत असणार, तो लिहून घेत असणार. आणि एवढं जवळचं बोलणं झालं की पुढे काय होतं, ते सांगायला कादंबरी लागत नाही. एक दिवस पिशवी भरायची आणि "वहिनी, येते" म्हणायचं.

मला तेव्हाच तिला समोर बसवून विचारता आलं असतं. पण विचारलं की माणूस सावध होतो. मी ठरवलं, शनिवारी सूप करायचं, पण लसूण घालायचा नाही. ज्याला त्याची चव माहीत आहे, त्याचाच चमचा अडेल. धाकटीला बाकं मांडायला बाहेर पिटाळलं आणि लसणाशिवायचं सूप उतरवलं.

मंडळी जमली. त्या दिवशी सगळे माझ्याकडे जरा वेगळेच बघत होते. डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या माझा हात धरला आणि उगाच दाबला. घड्याळं दुरुस्त करणारे काका एरवी मला "ओ बाई" म्हणतात, ते "वहिनी, तुम्ही बसा ना आमच्यात" म्हणाले. सगळ्यांनी वाचलंय, सगळ्यांना ठाऊक आहे, मी मनात म्हटलं. कीव करतायत. मी आत गेले आणि वाढायच्या खिडकीतून बघत राहिले.

ग्रंथपालांनी सुपाचं पान वाचलं. धाकटीने वाडगे आणि पाव फिरवले. मी ग्रंथपालांच्या तोंडावरून नजर काढली नाही. त्यांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, मान डोलावली.

"व्वा," ते म्हणाले. "जळका लसूण काय जाणवतोय! लपून बसलाय, पण आहे!"

"आहे, आहे," घड्याळवाले काका म्हणाले.

मी खिडकीची चौकट घट्ट धरली, नाहीतर हसले असते. या माणसाच्या जिभेला माझा लसूण कधी लागलाच नव्हता. त्याने तो कागदावरच खाल्ला होता. सगळ्यांचे वाडगे रिकामे होत होते, एकाचाही चमचा अडला नव्हता.

तेवढ्यात धाकटी सुपाचं भांडं घेऊन आत आली. तळाला उरलेलं सूप तिने चमच्याने चाखलं आणि थांबली.

"वहिनी, लसूण राहिला."

"काय म्हणालीस?"

"सुपात लसूण नाहीये. विसरलीस?" तिने माझ्या कपाळाला हात लावला. "बरं नाही का तुला?"

मी हात झटकला. "मी विसरत नाही. मुद्दाम नाही घातला. कोणाला कळतंय ते बघायचं होतं. कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाही."

"मग त्या पुस्तकात काय पंख लावून गेला?"

तिने भांडं खाली ठेवलं. बाहेर कोणीतरी पाव मागत होतं.

"कोणाला सांगितलं नाही, वहिनी. मीच लिहिलंय ते."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण तिची बोटं पदराशी चाळा करत होती आणि त्यांच्यावर शाई होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"दाढ दुखत होती तेव्हा कुठे होतीस?"

"शहरातल्या छापखान्यात. मुद्रितं तपासायला." तिचा आवाज लहान झाला. "पुस्तकावर नाव दुसरं लावलं. तू वाचशील, मग सांगेन म्हटलं. तू वाचलंस का?"

"हवं तेवढं वाचलं," मी म्हणाले. मग मला थांबवणारं तिथे कोणी नव्हतं. "खरवड खायला घालते होय मी तुला? राखून ठेवते, मोडू देत नाही, आणि तू ते गावभर छापून वाटतेस! चांगलं मी गिळते आणि तुला तळाचं वाढते, असंच ना? खाल्ल्या मिठाला जागली नाहीस. इतकं टोचत होतं तर जायचं होतंस. अजून जा. तुझा मऊ भात जिथे मिळेल तिथे जा."

ती माझ्याकडे बघत राहिली.  बाहेर आता कोणीच बोलत नव्हतं. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू गेलं असणार.

"छापखानेवाल्यांनी कायमचं बोलावलंय," ती म्हणाली. "मुद्रितं तपासायला. राहायची खोलीही देतात. मी नाही म्हणणार होते." तिने पावांची टोपली उचलली. "सकाळच्या गाडीने जाते."

मी तिला अडवलं नाही. मनातून ओरडले, पण तोंडातून आवाज काढला नाही. माझा स्वभाव असा आहे, आणि त्या क्षणी मला तो मुळीच आवडला नाही.

सकाळी उजाडताच मी खाली आले. वर तिच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज येत होता. पुस्तक शेगडीजवळच्या फळीवर होतं. जाताना ते खरवडीचं पान तिच्या हातात द्यायचं, म्हणायचं, घे तुझं, हे ठेवून घ्यायला माझ्या घरात जागा नाही, असं मी अंथरुणात पडल्या पडल्या पाठ केलं होतं. चिठ्ठी धरली आणि पान टर्रकन फाडलं. ग्रंथालयाचं पुस्तक! आयुष्यात मी कधी रेशनचा कागद फाडला नव्हता. पान हातातून निसटलं आणि फळीवर उलटं पडलं.

मागच्या बाजूला खाण्याचं काही शिजत नव्हतं, म्हणून ग्रंथपालांनी चिठ्ठी पुढच्या बाजूलाच लावली होती. मागच्या बाजूला लिहिलं होतं,

"विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण खरवड नणंदेनेच मागून घेतली होती. भाऊ गेला त्या आठवड्यात वहिनी अन्नाला शिवत नव्हती. लोकांना वाढायची आणि आपलं ताट पालथं घालायची. समजावून झालं, रडून झालं. मग नणंदेला सुचलं, की या बाईला उपाशी राहणं जमेल, पण अन्न टाकणं जमणार नाही. तिने खरवड आपल्या ताटात काढली आणि म्हणाली, मला हीच आवडते, वरचा भात मला जात नाही, तू खाल्ला नाहीस तर ओतून द्यावा लागेल. वहिनी चिडली, आणि चिडून जेवली. दुसऱ्या दिवसापासून ती नणंदेसाठी खरवड राखून ठेवू लागली, ती इतक्या मायेने, की खरं सांगायची सोयच राहिली नाही. नणंदेला खरवड कधीच आवडली नव्हती. पण एकदा आवडते म्हटलं की मग ती आवडावीच लागते."

मी स्टुलावर बसले. पालथं ताट मला आठवत होतं. मी चिडलेलंही आठवत होतं. "माझ्या घरात दाणा वाया गेलेला खपायचा नाही," असं मी धाकटीवर ओरडले होते, आणि घास तोंडात कोंबले होते. त्यानंतर तिच्या ताटात किती वेळा डोकावले असेन. गावातल्या प्रत्येक माणसाचं ताट मी वाचलं. ती समोर बसून ती कडक पापडी चावत होती, आणि मी म्हणत होते, हळू खा गं, तुझ्याचसाठी आहे.

डॉक्टरीणबाईंनी हात का दाबला तेही आता कळलं. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या होत्या.

मी उठले. तांदूळ धुतले, पातेलं चढवलं. भात होईपर्यंत ते पान खिशात ठेवायचं की पुस्तकात, तेच मला सुचत नव्हतं. शेवटी पुस्तकात ठेवलं, होतं तिथेच.

धाकटी पिशवी घेऊन खाली आली. डोळे सुजले होते. दाराकडे बघत म्हणाली, "वहिनी, येते."

"रिकाम्या पोटी कोणी गाडीत बसत नाही. बस."

"भूक नाही."

"भात टाकलाय. तू नाही खाल्लास तर ओतून द्यावा लागेल."

ती दारातच थांबली. मग आली आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला टेकली. मी दोन ताटं घेतली. वरचा मऊ भात, वाफेसकट, तिच्या ताटात काढला, सगळा. मग उलथन्याने खरवड सोडवली. घाईत जरा जास्तच लागली होती, काळपट झाली होती. ती माझ्या ताटात घेतली आणि तिच्यासमोर बसले.

"वहिनी, खरवड..."

"मला आवडते," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघायला लागली. तिच्या तोंडावर मी अनेक प्रकारचे संशय पाहिले आहेत, बरेचसे माझ्याकडूनच शिकलेले. तिने फळीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं, बाहेर डोकावणाऱ्या फाटक्या पानाकडे पाहिलं. मी मोठा घास घेतला. करपलेला, कडू, आणि दगडासारखा. कडकन वाजला.

"दाढ जाईल तुझी," ती म्हणाली.

"डॉक्टरीणबाईंना दाखवून येईन," मी म्हणाले. "खरोखरच."

तिने पिशवी मांडीवरून काढून बाकाखाली सरकवली आणि ताट जवळ ओढलं. पहिला घास घेतला. मऊ भात तोंडात धरून ती बराच वेळ नुसती बसून राहिली.